त्रिएस्तेत कॉफी कशी मागावी

मिलानच्या दोन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पाऊस होता, कॅथेड्रलपुढे रांग होती, आणि पहिल्याच सकाळी मी ऐटीत 'लाटे' मागितली तर पोऱ्यानं कोमट दुधाचा ग्लास आणून ठेवला. बिनसाखरेचं, आजारी माणसाला देतात तसलं दूध. भाची फिदीफिदी हसली. "अगं मावशी, लात्ते म्हणजे दूधच! इथे कापुचिनो म्हणायचं." ती तिथे फिजिक्समध्ये पीएचडी करते, चार वर्षं राहिलेली, तेव्हा म्हटलं, हिचं ऐकावं.

तिसऱ्या दिवशी त्रिएस्तेला आलो. तिथल्या आयसीटीपी या संस्थेत तिची आठवडाभराची कार्यशाळा होती, आणि मी आपली मागून लटकलेली. स्टेशनजवळच्या बारमध्ये (इटलीत कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात, हे आईला फोनवर समजावताना नाकी नऊ आले) तिनं अस्खलित इटालियनमध्ये दोन कापुचिनो सांगितले. आले ते भातुकलीतले कप. दोन घोटांत तळ दिसला. भाचीनं कपाकडे पाहिलं, काउंटरकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तर त्रिएस्तेचं असं आहे. इटलीभर ज्याला कापुचिनो म्हणतात त्याला इथे काफेलात्ते म्हणायचं. इथला कापुचिनो म्हणजे एस्प्रेसोवर जेमतेम फेसाळ दूध, आणि त्याचं लाडाचं नाव 'कापो'. एस्प्रेसोला एस्प्रेसो म्हणायचं नाही, 'नेरो' म्हणजे काळी म्हणायचं. आणि कपाऐवजी छोट्या काचेच्या ग्लासात हवी असेल तर पुढे 'इन बी' लावायचं. बी म्हणजे बिक्किएरे, ग्लास. आपल्याकडे टपरीवर 'दोन कटिंग' एवढंच म्हणून मोकळं होता येतं, तशातलाच प्रकार. फक्त इथे नियम जास्त, आणि चुकलात तर कोणी ओरडत नाही, तुम्ही जे बोललात तेच निमूट आणून देतात. ते जास्त लागतं.

एवढा कॉफीचा सोस या गावाला का, तर बंदर. १७१९ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटानं, सहाव्या चार्ल्सनं, इथे जकातमुक्त बंदर जाहीर केलं आणि व्हिएन्नाला लागणारी कॉफी इथे उतरू लागली. १९१८ पर्यंत गाव ऑस्ट्रियाचंच होतं, इमारती पाहिल्या की कळतं. इल्ली ही कॉफीची कंपनीही इथलीच, १९३३ सालची. आणि आपल्याकडच्या कॉफीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे इटली. चिकमगळूर-कोडगूच्या बिया एवढा समुद्र ओलांडून इकडे येतात, आणि त्यांच्यामागून पुण्याहून मी.

भाची सकाळी आठला जायची ती रात्री यायची. दिवसभर मी, माझी पर्स आणि बोरा. बोरा म्हणजे तिथला वारा. डोंगरावरून समुद्राकडे असा सुटतो की पहिल्या दिवशी माझी छत्री उलटी झाली, दुसऱ्या दिवशी मी छत्री घेतलीच नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच उलटी व्हायची बाकी होते. अशा वाऱ्यातून एका गल्लीतल्या बारमध्ये घुसले. काउंटरला तीन माणसं उभी. त्यातल्या एक आजी: फरचा कोट, लिपस्टिक, कडेला कोटातून डोकावणारं कुत्रं. वय ऐंशीच्या खाली नक्की नाही. त्यांनी बोट वर न करता, मान न वळवता, एका दमात म्हटलं, "कापो डेका इन बी."

काय ठेका होता त्याला! तबल्याचा बोल असावा तसा. मी मनात तीनदा घोकलं आणि पोऱ्या माझ्याकडे वळल्यावर जसंच्या तसं म्हणून टाकलं. त्यानं भुवई उडवली नाही, पुन्हा विचारलं नाही. आजींनी मात्र वळून पाहिलं आणि मान हलवली, एखाद्या शाळा तपासनिसानं हलवावी तशी. ग्लास आला. खाली गडद, मध्ये बदामी, वर पांढरा फेस, शेजारी पाण्याचा पेला. पुण्यात मी जी लाटे पिते ती वाडगाभर असते आणि निम्म्यावर आल्यावर नुसती गोड पेज लागते. ही तीन घोटांची, कडवट, शेवटच्या थेंबापर्यंत गरम. उभ्यानं प्यायची, दीड युरो ठेवायचा, निघायचं. मला भरून आलं. परदेशात पाच दिवसांनी कोणीतरी मला गावातलं माणूस समजून वागलं होतं.

मग काय, सुटलेच मी. सान मार्को कॅफेत गेले. १९१४ सालचं, पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी फोडलेलं, आता आत पुस्तकांचं दुकान असलेलं. तिथे दोन तास बसले, कोणी उठवलं नाही. त्याउलट समुद्राकडच्या मोठ्या चौकात एका ठिकाणी खुर्चीत टेकले तर तेवढ्याच ग्लासाचे साडेपाच युरो. मी बसले होते की खुर्ची विकत घेतली होती? तिथली कॉफी कशी होती ते आठवत नाही, रागात प्यायली.

पण सगळीकडे माझं एकच वाक्य. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सातलासुद्धा. आणि झोप काय लागायची! एरवी चारनंतर चहा घेतला तरी मी छताकडे बघत पडते. रोज रात्री भाचीला सांगायचे, खऱ्या कॉफीनं झोप उडत नाही, आपल्याकडे भेसळ असते म्हणून उडते. सकाळी पहिल्या घोटाला कशी तरतरी येते, तेही सांगायचे. ती थकलेली असायची, हूं हूं करायची.

निघायच्या आदल्या रात्री नेहमीप्रमाणे पर्समधल्या पावत्या काढून हिशेब मांडायला बसले. भाची एकेक पावती वाचून आकडा सांगत होती. चौथ्या पावतीला ती थांबली. मग पाचवी पाहिली, सहावी पाहिली, सगळ्या गादीवर पसरल्या.

"मावशी, हे डेका तुला कोणी सांगितलं गं?"

"का? तिथल्या एक आजी म्हणाल्या. सगळे तसंच म्हणतात."

"डेका म्हणजे डेकाफेइनातो. कॅफिन काढून टाकलेली."

मी पावत्या गोळा केल्या आणि तिला म्हटलं, एकूण किती झाले तेवढं सांग.