एका राउंड द वर्ल्ड तिकिटावर तीन सुट्ट्या

आम्ही दोघं शिकागोला राहतो, वर्षाला रजा मोजून चार आठवडे, त्यामुळे राउंड द वर्ल्ड तिकीट (जगाला एक फेरी मारणाऱ्या सगळ्या फ्लाइट्स एकाच तिकिटात) म्हणजे नोकरी सोडून निघणाऱ्यांसाठीच असं वाटायचं. पण ते तिकीट वर्षभर चालतं आणि मधे कुठे किती थांबायचं ते आपण ठरवायचं, मग मधला मुक्काम आपल्याच घरी का नको? सगळी गंमत इथेच आहे, सुरुवात घरून करायची नाही. आम्ही वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या गटाचं (अलायन्सचं) चार खंडांचं तिकीट टोकियो ते टोकियो काढलं. त्यात भाडं मैलांवर नाही, किती खंड आणि सुरुवात कुठल्या देशातून यावर ठरतं, म्हणून दोनचार देशांतून भाव काढून बघाच.

एप्रिलमध्ये माइल्सवर (विमान कंपनीकडे साठलेल्या पॉइंट्सवर काढलेल्या वेगळ्या तिकिटाने) टोकियोला गेलो, आठवडाभर जपान फिरलो आणि तिकिटाच्या पहिल्या फ्लाइटने घरी आलो. सप्टेंबरात मायामीवरून लिमा, तिथून वेगळ्या तिकिटावर कुस्को आणि माचू पिच्चू, परत घरी. कुस्को ३,४०० मीटरवर आहे, पहिल्या दिवशी हॉटेलचा जिना चढतानाही धाप लागते, त्या दिवशी काही ठरवू नका. डिसेंबरअखेर लंडन, मुंबई, पुण्यात आईकडे संक्रांतीपर्यंत, मग हाँगकाँग करून टोकियो. आईने फडक्यात बांधून दिलेल्या गुळपोळ्या टोकियोच्या हॉटेलात खाल्ल्या आणि तिथे तिकीट संपलं. घरी परत पुन्हा माइल्सवर. ही जाण्यायेण्याची दोन वेगळी तिकिटं हिशोबात धराच, नाहीतर स्वस्त पडलं असं उगाच वाटतं.

आता महत्त्वाचं. एका ई-तिकिटात चारच फ्लाइट्स मावतात, म्हणून आमच्या नऊ फ्लाइट्सना तीन तिकीट नंबर होते (जास्तीत जास्त सोळा फ्लाइट्स मिळतात, आणि मधला टप्पा तुम्ही ट्रेनने केलात तरी तो सोळात धरतात). एका फ्लाइटची वेळ कंपनीनेच चाळीस मिनिटं बदलली, ईमेल आला, आम्ही निर्धास्त. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवला, बुकिंगमध्ये नावं होती पण त्या फ्लाइटसमोर तिकीट नंबरच नव्हता, कारण तिकीट नव्याने इश्यू केलंच नव्हतं. पाऊण तास फोनवर, शेवटी धावत गेट गाठलं. म्हणून कुठलाही बदल झाला की फोन करून तिकीट री-इश्यू झालं का ते विचारा, हो म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. आणि एकही फ्लाइट न कळवता सोडू नका, पुढचं सगळं रद्द होतं.

एकाच गावी दोनदा मुक्काम चालतो का, हे त्या त्या अलायन्सच्या नियमांत आधी वाचा, आमचा सगळा प्लॅन त्यावरच उभा होता. लंडनला २४ तासांच्या वर थांबलात तर निघताना तिथला प्रवासी कर लागतो, बिझनेस क्लासला चांगलाच. भारतीय पासपोर्ट असेल तर जपानला दोनदा शिरायचंय हे व्हिसा काढतानाच लक्षात ठेवा, हाँगकाँगसाठी ऑनलाइन नोंदणी आधी करा. पेरूला आमचं ग्रीन कार्ड चाललं.