फरदडीचा मोह

बीटी म्हणजे बोंडअळीला मारक अशा जिवाणूचं जनुक घातलेलं कापसाचं बियाणं. त्याच्या ४५० ग्रॅमबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटीची पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावायची. तिच्या झाडांवर बीटीला न सरावलेल्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग झाले की सरावलेल्यांशी त्यांचा संकर होतो आणि पुढची पिढी बीटीला बळी पडते. आमच्या यवतमाळकडे ती पुडी सहसा वळचणीलाच. भाऊजी म्हणायचे, “त्या झाडांले फवारा कोण मारन?”

२००२ मध्ये बीटी आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं. हिरवी बोंडअळी त्यानं आटोक्यात आणली, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. गुलाबी मात्र पुरून उरली. २०१७ ला विदर्भभर बोंडं पोखरली तिनं. त्यात फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक राखून आणखी कापूस घेण्याचा मोह! डिसेंबरनंतरही ओलित करून पऱ्हाटी उभी ठेवली, की अळीला पुढच्या हंगामापर्यंत खानावळ. मी आता पऱ्हाटी वेळेत उपटते, मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावते, डोमकळी, म्हणजे अळी शिरल्यानं न उमललेलं फूल, दिसली की तोडून जाळते.

सध्या गावात चर्चा चोरबीटीची. तणनाशक मारलं तरी न जळणारी, पण मंजुरी नसलेली. निंदणाला बाया मिळत नाहीत, म्हणून लोक घेतात. त्यांच्यावर मी चिडत नाही. पण पाकिटाला पक्कं बिल नसतं. उगवलंच नाही, तर तक्रार कुणाकडे करायची?