सहाव्या मैलाची मोरी

रात्री साडेअकराला बॅरिकेड लावून आम्ही ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या सेवा रस्त्यावर तिसरा खड्डा घ्यायला लागलो. कासारवडवलीच्या पुढे, गायमुखाच्या अलीकडे. माझं काम ऐकायला सोपं आहे: नवीन काम सुरू होण्याआधी जमिनीखाली काय काय पुरलेलं आहे ते सांगायचं. पाणी, गॅस, वीज, गटार. त्यासाठी जीपीआरचं, म्हणजे जमिनीखाली रेडिओ लहरी सोडून बघणारं यंत्र रस्त्यावरून बाबागाडीसारखं ढकलत न्यायचं. खाली पाइप असला की स्क्रीनवर उपड्या वाटीसारखी कमान उमटते. इथे कमान नव्हती, जाड सपाट पट्टा दिसत होता. मी नकाशावर ‘केबल डक्ट’, म्हणजे केबल ओढायची बंदिस्त वाट, असं लिहून मोकळी झाले होते. खड्डा नुसता खात्रीपुरता.

हा रस्ता कागदावर राज्य महामार्ग ४२. कापूरबावडीहून निघून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, ओवळा, गायमुखचा घाट आणि शेवटी घोडबंदर, साधारण २० किलोमीटर. मुंबईतली जुनी माणसं एस. व्ही. रोडलाही घोडबंदर रोडच म्हणायची, कारण वांद्र्याहून निघणारी ती वाटही त्याच बंदराकडे जायची. पूर्वेकडून आग्रा रोड ठाण्यापर्यंत, पश्चिमेकडून एस. व्ही. रोड, आणि उत्तरेला दोघांना जोडणारा हा: साष्टीच्या डोंगराभोवती घातलेलं कडंच. बंदरात अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. तिथला पोर्तुगीजांचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे तो इंग्रजांकडे गेला. अहवालाच्या पहिल्या पानावर हे सगळं मी दर वेळी लिहिते. ते पान कुणी वाचत नाही, त्यामुळे त्यात चूकही निघत नाही.

बिगाऱ्यांनी आधी डांबर फोडलं. कडेला टेप लावून बघितलं तर जवळपास फूटभर जाड. थरावर थर, दर काही वर्षांनी ओतलेले. त्याखाली खडी आणि मुरूम. आणि त्याखाली जे निघालं ते बघून मी हेल्मेटचा दिवा लावून खड्ड्यातच उतरले. सोलिंग, रस्त्याच्या पायाचा दगडी थर. हल्ली डंपरने ओततात तसं नव्हे. एकेक काळा दगड हाताने उभा लावलेला, रुंद बाजू खाली, टोक वर, मधल्या फटींत चिपा ठोकून बसवलेल्या. दगड हलवायला पहार लागली. कधीतरी रस्त्याचं वळण सरळ केलं असणार. जुना रस्ता तिथेच राहिला आणि सेवा रस्ता त्याच्या अंगावरून गेला.

पहार आणखी हातभर खाली गेली आणि आवाज बदलला. आतापर्यंत ‘खण्ण’ येत होता, आता ‘ढप्प’ आला. सुपरवायझर वरूनच म्हणाला, “मॅडम, डक्ट लागला. फोटो काढा, बुजवू.” एव्हाना दोन वाजून गेले होते. न्हावा शेव्याहून निघालेले कंटेनर माजिवड्याला वळून बाजूच्या मुख्य रस्त्यावरून घोडबंदरच्या टोकाच्या फाउंटन नाक्याकडे चालले होते, आणि प्रत्येक कंटेनरगणिक खड्ड्याच्या कडेची माती सुटत होती. बुजवून घरी जावं असं मलाही वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

“डक नाय ती. मोरी हाय.”

बॅरिकेडच्या पलीकडे एक आजोबा उभे होते. पांढरी बंडी, हातात काठी, कानाला मफलर. झोप येत नाही म्हणून रोज रात्री फेरी मारतात, असं नंतर कळलं. जवळच्याच पाड्यातले. मी विचारलं, “काका, तुम्हाला कसं माहीत?”

“मी मैलकुली व्हतो गो बाय. हितलाच.”

मैलकुली हा शब्द मी फक्त जुन्या मस्टरच्या गोष्टींत ऐकला होता. रस्त्याचा एक तुकडा नेमून दिलेला माणूस: खड्डे भरायचे, बाजूपट्टीचं गवत काढायचं आणि पावसाआधी मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा, साफ करायच्या. पुढे किलोमीटरचे दगड आले तरी काकांचा मुकादम मैलांतच बोलायचा. काका म्हणाले, “सहाव्या मैलाची तिसरी मोरी. हिच्यात मी वाकून चाललोय.”

कडेचा मुरूम आणखी काढायला लावला. वर आडव्या टाकलेल्या दगडी शिळा, खाली दोन्ही बाजूंना दगडी भिंती, सांध्यांत सिमेंट नाही, चुना. दोन शिळांमधल्या फटीतून टॉर्च मारला तर तळाला पाणी चमकलं. मे महिन्याचा शेवट, अजून पावसाचा थेंब नाही, आणि पाणी होतं.

आपली चूक अशी खड्ड्याच्या तळाशी चमकताना बघणं फार बरं वाटत नाही. सपाट पट्टा म्हणजे शिळांचा माथा होता. आणि साधी गोष्ट मी विसरले होते: ठाण्याहून जाताना डावीकडे येऊरचा डोंगर, उजवीकडे खाडी. डोंगरावर पडणाऱ्या पाण्याला खाडीत जायचं तर हा रस्ता आडवा ओलांडावाच लागणार. घोडबंदर मी लांबीत पाठ केला होता. आडवा कधी वाचलाच नव्हता.

उजाडल्यावर काकांनी मला मोरीचं वरचं तोंड दाखवलं. एका सोसायटीच्या कंपाउंड भिंतीमागे, करवंदाच्या जाळीत. प्लास्टिक, थर्माकोल, फुटक्या टाइल्स, एक अख्खी कमोडची सीट. त्या सगळ्याखालून बोटभर धार वाहत होती. सोसायटीचा वॉचमन आपणहूनच म्हणाला, “इथे दर जुलैत पार्किंगमध्ये पाणी भरतं, पंप लावावा लागतो.” काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्पच बसला.

खड्ड्यावर लोखंडी प्लेट टाकली, मोरीची रुंदी, उंची, तळाची पातळी घेतली. मी नकाशावरचं ‘केबल डक्ट’ खोडलं. आमच्या तक्त्यात ‘माहितीचा स्रोत’ असा एक रकाना असतो, त्यात जीपीआर, खड्डा, जुने नकाशे असे ठरलेले पर्याय आहेत. चौथा हाताने लिहावा लागला.

चहा पिताना काका म्हणाले, “अजून दोन हायेत फुडं. यक तर हिच्याहून मोठी.”

मी नकाशा उलगडला. पुढच्या अर्ध्या किलोमीटरवर मी गेल्याच आठवड्यात सही केली होती.

“शनिवारी येतो,” ते उठता उठता म्हणाले, “गुडघा बरा आसला तर.”