मायक्रोलाइटवरून सीपीएलकडे जाताना

मायक्रोलाइटचा, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानाचा परवाना असला की वाटतं, सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिक परवान्याचे) उड्डाणाचे 200 तास म्हणजे आता फक्त उरलेली बेरीज. मी जुने तास शून्य धरले आणि पैसे, महिने दोन्ही पूर्ण 200 तासांचेच मांडले. त्यातून काही वजा झालंच तर तेवढाच फायदा.

पहिलं काम कागदांचं. डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक काढताना आपल्याकडे गाडी अडते ती नावावर. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर क्रम वेगळा, आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. ते जुळवून मगच अर्ज करा. बारावीला फिजिक्स-गणित नसेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) आधी उरकून घ्या. मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, आधी क्लास 2, मग त्याहून कडक क्लास 1. फ्लाइंग स्कूलची मोठी रक्कम क्लास 1 हातात आल्यावरच भरावी. नेव्हिगेशन, मेट (हवामानशास्त्र), रेग्युलेशन्स आणि टेक्निकलच्या पेपरांना 70 टक्के लागतात. त्यात नेव्हिगेशनच घाम काढतो.

खरी फजिती कॉकपिटमध्ये होते. एनसीसीत दिसतं त्या व्हायरस नावाच्या मायक्रोलाइटला 80 हॉर्सपॉवरचं रोटॅक्स इंजिन आहे. त्यात मिक्स्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलायचा) दांडा नाही, कार्ब्युरेटर उंचीनुसार स्वतःच जुळवून घेतो. सेसना 172 या शिकाऊ विमानात मिक्स्चरचा लाल नॉब तुमच्या हातात. क्रूझला (उंची गाठून सरळ उडताना) लीन, म्हणजे पेट्रोल कमी करायला विसरलात तर पेट्रोल वाया आणि प्लगवर काजळी. खाली येताना पुन्हा रिच, म्हणजे पेट्रोल जास्त करायला विसरलात तर नेमकी पॉवर हवी तेव्हा इंजिन अडखळतं. दुसरं ग्लाइडचं, म्हणजे इंजिनाविना तरंगण्याचं. व्हायरस इंजिन बंद पडल्यावरही लांबवर तरंगत जातं. सेसना एक किलोमीटर उंची गमावून जेमतेम नऊ किलोमीटर पुढे जाते. फोर्स्ड लँडिंगच्या सरावात शेत निवडताना डोळा जुन्याच सवयीने लांबचं निवडतो आणि तिथवर पोचता येत नाही. पाय मात्र कामाला येतात; लांब पंखांच्या विमानावर शिकलेला माणूस रडर (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू) विसरत नाही.

उन्हाळ्याचा हिशेबही नव्याने करावा लागतो. 2000 फुटांवरच्या धावपट्टीवर 40 अंश तापमान असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, साधारण 5500 फूट भरते. विमान पूर्ण वजनाचं असेल तर धावपट्टी संपत येते तरी चाकं जमिनीवरच असतात. म्हणून सॉर्टी (उड्डाणाची फेरी) सकाळी नऊच्या आत.

लॉगबुकात 100 तास पीआयसी, म्हणजे स्वतः विमानाचे प्रमुख वैमानिक म्हणून लागतात. त्यांत 20 तास क्रॉस-कंट्री (दुसऱ्या ठिकाणी जाणारं उड्डाण), एक फेरी किमान 300 नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. रात्रीचे 5 तास, 10 टेकऑफ आणि 10 लँडिंग. आणि अर्जाआधीच्या सहा महिन्यांत किमान 15 तास पीआयसी. हीच अट शेवटी महागात पडते: मुलं मे महिन्यात तास संपवतात, एखादा पेपर राहिलेला असतो, पावसाळ्यात ढग खाली बसतात आणि दिवाळीनंतर तेच 15 तास पुन्हा विकत घ्यावे लागतात. पेपर सगळे सुटेपर्यंत पीआयसीचे 15-20 तास शिल्लक ठेवा.