आमची वाटचाल : जुना बाजार, टपाल आणि तबकड्या

जुन्या ग्रामोफोन तबकड्या विकत घेऊन, स्वच्छ करून आणि वाजवून पाहून मगच पुढे विकण्याचा आमचा व्यवसाय 2008 साली पुण्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत सुरू झाला, तेव्हा वडिलांचा चावीचा ग्रामोफोन, सुयांच्या दोन डब्या आणि बचतीतले साठ हजार रुपये एवढेच भांडवल होते. खरेदी सगळी बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात होत असे. पथारीवाले गोण्या सोडत असतानाच आपण समोर उभे असलो तर भवानीच्या वेळी भाव थोडा सैल सुटे. दहा वाजल्यानंतर येणाऱ्याला मात्र इतरांनी चाळून टाकलेला माल मिळे.

या मालाला वेळापत्रक नसते. एखादा वाडा पाडायला घेतला की माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते आणि आठवड्याभरात तिच्यातला गठ्ठा बाजारात उतरतो. विकणारा तो गठ्ठा फोडत नाही, त्यामुळे बालगंधर्वांची एक तबकडी हवी असेल तर तिच्याबरोबर पंचवीस चित्रपटगीतेही उचलावी लागतात. पहिली दोन वर्षे या सक्तीचा मला राग येई, परंतु हिराबाई बडोदेकरांची एक सुस्थितीतली तबकडी अशाच नको असलेल्या गठ्ठ्यात, फाटक्या पाकिटात सापडल्यापासून मी कुरकुर बंद केली. जी वस्तू आहे हेच ठाऊक नसते, तिचा शोध घेता येत नाही. ती समोर यावी लागते.

2014 साली आम्ही संगणकावरून खरेदी सुरू केली. नाव टाकले की देशभरातला माल समोर येई, आणि मुंबईच्या ‘यंग इंडिया’ शिक्क्याच्या ज्या तबकड्यांसाठी मी चार वर्षे पथाऱ्या धुंडाळल्या होत्या, त्यांतल्या तीन एका संध्याकाळी मिळाल्या. मी हुरळून गेलो, हे कबूल केले पाहिजे. त्याच भरात एका परगावच्या विक्रेत्याकडून चाळीस तबकड्यांचे खोके मागवले. त्याने त्या एकावर एक आडव्या रचून मध्ये वर्तमानपत्राचा एकेक कागद घातला होता. खोके उघडले तेव्हा अकरा तबकड्यांचे तुकडे झाले होते आणि सहा वरून अखंड दिसत असल्या तरी तडकलेल्या होत्या. पैसे परत मिळाले नाहीत.

मिनिटाला 78 फेऱ्यांची ही तबकडी मुख्यतः लाख आणि दगडाची भुकटी यांची असते. ती नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकडीसारखी वाकत नाही, काचेसारखी फुटते. केसाएवढी चीर छायाचित्रात दिसत नाही. बाजारात तिची परीक्षा सोपी आहे. मधल्या भोकात बोट घालून तबकडी अधांतरी धरायची आणि कडेला हलकी टिचकी मारायची. माठ घेताना आपण तो वाजवून घेतो, तसेच हे आहे : अखंड असेल तर खणखणीत आवाज येतो, चीर असेल तर बद्द. पुढे तबकडी उजेडाकडे तिरकी धरली की झिजलेल्या खाचा करड्या दिसतात. बोथट सुईने घासलेली तबकडी वरून कितीही चकचकीत असली तरी गाणे खरखरतच येते. तबकडी चकचकीत दिसावी म्हणून काही जण ती स्पिरिटने पुसतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळत असल्याने तिचा कायमचा नाश करतात.

ग्रामोफोनच्या बाबतीत पडद्यावरची फसगत अधिक महाग पडते. पितळी कर्ण्याचा एक देखणा ग्रामोफोन आम्ही केवळ छायाचित्रावरून घेतला. प्रत्यक्षात पेटी नवी, कर्णा नवा आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीचे कुत्र्याचे चित्र वरून चिकटवलेले निघाले. आतली चावीची मोटर तेवढी जुनी होती. झाकण उघडताच ताज्या पॉलिशचा वास आला. हाच वास पथारीजवळ उभे असताना आला असता तर मी पुढे गेलो असतो.

भावाचीही अशीच तऱ्हा असते. अनेक विक्रेते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हे नाव दिसले की ‘दुर्मीळ’ लिहून किंमत चौपट करतात. वास्तविक या कंपनीचा कलकत्त्याजवळ दमदम येथील कारखाना 1928 पासून चालू होता आणि 1950 च्या दशकातली लोकप्रिय चित्रपटगीते मोठ्या संख्येने निघाली. त्यांना आजही प्रत्येक बाजारात तोटा नाही.

म्हणून 2017 पासून आमची रीत ठरली आहे. खरेदी बाजारात किंवा लोकांच्या घरी जाऊन, हाताने. विक्री बहुतांशी संगणकावरून. नेमका क्रमांक ठाऊक असलेली आणि दुसरीकडे न मिळणारी तबकडीच आम्ही दुरून घेतो, आणि तीही लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेल्या क्रमांकाचे छायाचित्र आल्यावर. आमच्याकडून जाणारी प्रत्येक तबकडी दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये, खोक्यात उभी जाते. परदेशातल्या मराठी ग्राहकांच्या मागण्या येतात, परंतु शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्याकडे बोट दाखवून आम्ही नम्रपणे नकार देतो. काही जण त्यावरून रुसलेही आहेत.

अलीकडे विक्रीपूर्वी आम्ही ग्राहकाला तबकडीचे छोटे चलच्चित्र पाठवतो, त्यात गाण्याचा आरंभ असतो आणि त्याआधी टिचकीही. सोलापूरचे आमचे एक वयोवृद्ध ग्राहक ते पाहूनही दूरध्वनी करतात आणि म्हणतात, “साहेब, ती टिचकी पुन्हा एकदा ऐकवा, जरा कडेला मारा.”