रॉकी आणि रेसलमेनिया एकाच यादीत: पहिला टप्पा पूर्ण

रॉकी या बॉक्सरचे सिनेमे आणि रेसलमेनिया (डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन रेसलिंग कंपनीचा दरवर्षीचा सगळ्यात मोठा शो) आम्ही एकाच यादीत क्रमाने बघतोय; रेसलमेनिया ३ बघून झाला आणि आमचा पहिला टप्पा संपला, म्हणून आत्तापर्यंतचं सगळं एकदा सलग लिहून टाकतोय. तुमच्यापैकी कोणी असलं काही सुरू करणार असेल तर एकच सांगणं, क्रम धरून बघा, मधे उड्या मारू नका, कारण अर्धी मजा क्रमातच आहे.

आम्ही चौघं आहोत. दोघांना जुन्या डब्ल्यूडब्ल्यूएफचं वेड (त्यातला एक मी), एक पक्का बॉक्सिंगवाला, आणि एक मैत्रीण जी व्हिडिओ एडिटिंग करते आणि जिने याआधी रेसलिंगची एकही अख्खी मॅच बघितली नव्हती. रॉकीचे सगळे भाग परत बघायचे होते आणि जुने मोठे रेसलिंग शो पण बघायचे होते, आधी हे दोन वेगळे बेत होते, पण मग बॉक्सिंगवाल्याने एक साखळी मांडून दाखवली आणि दोन्ही याद्या आपोआप एक झाल्या.

ती साखळी अशी. २४ मार्च १९७५ ला चक वेपनर नावाचा बॉक्सर, ज्याच्याकडून कोणाला फारशी अपेक्षा नव्हती, तो मोहम्मद अलीसमोर पार पंधराव्या राउंडपर्यंत टिकला. सिल्व्हेस्टर स्टॅलोनने ती फाइट बघितली आणि त्यातून रॉकीची गोष्ट सुचली. पुढच्या वर्षी, २५ जून १९७६ ला, हाच वेपनर न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये आंद्रे द जायंटसमोर उतरला, बॉक्सर विरुद्ध रेसलर, आणि आंद्रेने त्याला उचलून सरळ रिंगबाहेर टाकलं आणि काउंट-आउटवर (समोरचा मोजणी संपेपर्यंत रिंगमध्ये परतला नाही म्हणून) जिंकला. आणि अली त्याच वेळी टोकियोत अँटोनियो इनोकीसमोर उभा होता, ती पण बॉक्सर विरुद्ध रेसलरच. त्यानंतर काही महिन्यांनी रॉकी रिलीज झाला. १९८२ च्या रॉकी ३ मध्ये रॉकीसमोर थंडरलिप्स नावाचा रेसलर येतो, तो म्हणजे हल्क होगन, आणि तोही रॉकीला उचलून रिंगबाहेर पब्लिकमध्ये भिरकावतो. त्याच सिनेमातला खरा व्हिलन क्लबर लँग, म्हणजे मिस्टर टी. मग ३१ मार्च १९८५, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पहिला रेसलमेनिया, मेन इव्हेंटला होगन आणि मिस्टर टी एका टीममध्ये, आणि रिंगबाहेर रेफरी म्हणून उभा कोण, तर मोहम्मद अली! आणि दोन वर्षांनी रेसलमेनिया ३ ला होगनसमोर आंद्रे. वेपनरपासून निघालेली गोष्ट पुन्हा आंद्रेपाशी येऊन थांबते. हे ऐकल्यावर दुसरा कुठलाही क्रम लावणं शक्यच नव्हतं.

रॉकी, १९७६. आम्ही सगळ्यांनीच आधी बघितलेला, पण यावेळी सगळ्यात जास्त जाणवलं ते म्हणजे यात फाइट किती कमी आहे. जवळजवळ अख्खा सिनेमा रॉकीची मैत्रीण एड्रियन, त्याचा ट्रेनर मिकी, ती थंडी, त्या अंधाऱ्या गल्ल्या, आणि एक माणूस ज्याला फक्त शेवटच्या घंटेपर्यंत पायावर उभं राहायचंय. निकाल लागतो तेव्हा रॉकी हरलेला असतो, स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे जजेसमध्ये एकमत नसताना, समोरचा चॅम्पियन अपोलो जिंकतो, आणि तो निकाल माइकवर वाचला जात असताना सिनेमा तिकडे लक्षच देत नाही, रॉकी एड्रियनला हाका मारत असतो. एडिटिंगवाली मैत्रीण इथे ताठ बसली. बेस्ट पिक्चर आणि दिग्दर्शक जॉन अव्हिल्डसेनचं ऑस्कर सगळ्यांना आठवतं, पण एडिटिंगचं ऑस्करही याच सिनेमाला आहे. ती फाइट स्टॅलोनने ठोसा ठोसा कागदावर लिहून काढली होती, डावा, उजवा, मागे, खाली असं सगळं, आणि त्याने आणि अपोलो झालेल्या कार्ल वेदर्सने ते नाचासारखं पाठ केलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

रॉकी २ (१९७९) वर फार लिहीत नाही. शेवटी दोघं एकदम खाली पडतात आणि रॉकी आधी उठतो, त्या काउंटला आमच्याकडे सगळे उभे होते एवढं पुरे.

रॉकी ३ बद्दल मात्र माझं मत पूर्ण बदललं. आधी मला तो नुसता आय ऑफ द टायगरवाला, चकचकीत भाग वाटायचा. यावेळी थंडरलिप्सचा सीन नीट बघितला. मॅच चॅरिटीची, आणि होगन एकदम राक्षस होऊन रॉकीला आपटतोय, फेकतोय, लोक घाबरलेत, आणि मॅच संपल्यावर तोच होगन एकदम गोड होऊन रॉकीच्या कुटुंबाबरोबर फोटो काढतो, आणि एवढा वेडा का झालास विचारल्यावर हा तर खेळच तसा आहे अशा अर्थाचं काहीतरी सहज बोलून जातो. हे १९८२ साल आहे! त्या काळात रेसलिंगवाले केफेब जिवापाड जपायचे, म्हणजे आतलं गुपित बाहेर जाऊ द्यायचं नाही, हिरो आणि व्हिलन लोकांसमोर एकत्र दिसणार नाहीत इथपर्यंत. आणि इथे एवढ्या मोठ्या सिनेमात एक रेसलर अख्ख्या जगासमोर अर्ध्या मिनिटात ते सगळं उघडं करून टाकतो, आणि तरीही आधीच्या पाच मिनिटांतली भीती अजिबात खोटी वाटत नाही. मी मित्राला म्हटलं, "अरे, रेसलिंग म्हणजे काय हे कोणाला समजावायचं असेल तर हा एकच सीन दाखव." तो म्हणाला, "आणि मग लगेच रेसलमेनिया लाव."

लावला. पहिला रेसलमेनिया मॅचेस म्हणून बघाल तर खडबडीत आहे, हे स्पष्ट सांगतो. किंग काँग बंडी आणि एस. डी. जोन्सची मॅच सुरू होते तोच संपते, बाकीच्याही बऱ्याचशा लहान आहेत. पण त्या शोमधली हवा! टाइमकीपर म्हणून पियानोवादक लिबराची रॉकेट्स या डान्स ग्रुपच्या डान्सरबरोबर नाचत येतोय, रेसलर वेंडी रिश्टरच्या कोपऱ्यात गायिका सिंडी लॉपर उड्या मारतीये, आंद्रे जॉन स्टडला उचलून आपटतो तेव्हा गार्डन अक्षरशः फुटतं. मेन इव्हेंटला आतला रेफरी पॅट पॅटरसन, कारण तो स्वतः रेसलर असल्याने मॅच आतून सांभाळू शकत होता, आणि अली बाहेर. समोर रॉडी पायपर आणि पॉल ऑर्नडॉर्फ. पायपर आणि मिस्टर टी पहिल्यांदा नाकाला नाक लावून उभे राहतात तो क्षण बघा, आवाज वाढवून बघा. क्लबर लँग नुकताच बघितलेला असला की मिस्टर टीचं ते बघणं वेगळंच लागतं.

मैत्रिणीने इथे एक गोष्ट बोलून दाखवली जी माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती. म्हणाली, "अगं बाई, इथे कट मारून काहीच वाचवता येत नाही!" सिनेमात ठोसा लागला नाही तरी एडिटर लावतो, आवाज लावतो, चेहरा दाखवतो, लगेच पुढे जातो. इथे एखादी मूव्ह फसली तर ती फसलेलीच दिसते, आणि ते झाकायचं काम रेसलर आणि कॉमेंटेटरला मिळून तिथल्या तिथे करावं लागतं. तेव्हापासून ती गोरिला मॉन्सून आणि जेसी व्हेंचुराची कॉमेंट्री कान देऊन ऐकायला लागली. मॉन्सून चांगल्यांच्या बाजूने, व्हेंचुरा उघडपणे वाईटांच्या बाजूने, आणि दोघांच्या भांडणातून गोष्ट पुढे सरकते, म्हणजे बॅकग्राउंड म्युझिकचं कामच ते करतायत.

मधे रॉकी ४ (१९८५) झाला. माँटाजवर माँटाज, गाण्यावर गाणं, आणि मला तो मनापासून आवडतो. रशियन बॉक्सर ड्रॅगोसमोरच्या मॅचला अपोलोची एंट्री, जेम्स ब्राउन गातोय, डान्सर आहेत, अपोलो टोपी घालून नाचतोय, ही सरळ सरळ रेसलिंगची एंट्री आहे. आणि म्हणूनच त्यानंतर जे होतं ते इतकं लागतं, कारण अपोलोला वाटतंय हा शो आहे आणि समोरच्याला ते मान्यच नाही. २०२१ मध्ये स्टॅलोनने स्वतः नव्याने कापलेली आवृत्ती पण आली, त्यात रॉकीचा मेहुणा पॉली याचा रोबोट काढून टाकलाय. आमच्यात दोन गट पडलेत, मी मूळ आवृत्तीवाला.

रेसलमेनिया २ (७ एप्रिल १९८६) तीन वेगवेगळ्या शहरांतून झाला आणि तो शो थोडा विस्कळीतच वाटतो, पण आमच्या यादीसाठी त्यात एक रत्न आहे. मिस्टर टी विरुद्ध पायपर, चक्क बॉक्सिंग मॅच, आणि मिस्टर टीच्या कोपऱ्यात माजी हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन जो फ्रेझर. हाच जो फ्रेझर पहिल्या रॉकीत शेवटच्या फाइटआधी रिंगमध्ये येऊन हात मिळवून जातो. मॅच बॉक्सिंग म्हणून धड नाही, पायपर शेवटी वैतागून मिस्टर टीला उचलून आपटतो आणि डिसक्वालिफाय होतो, पण बॉक्सिंगवाला मित्र फ्रेझर दिसल्यावर जो खूश झाला, बस.

आता खरा मुद्दा. रेसलमेनिया ३, २९ मार्च १९८७, पाँटिअॅकचं सिल्व्हरडोम. जाहीर केलेला आकडा ९३,१७३, त्यावरून आजही वाद चालतो, पण खरा आकडा काही का असेना, रिंग इतकी लांब की रेसलरना छोट्या गाडीतून न्यावं लागतं, आणि ती गाडी त्या गर्दीतून सरकते ते दृश्य मी दहा वेळा बघू शकतो.

रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट, इंटरकॉन्टिनेंटल टायटल. आधीची गोष्ट नक्की बघा, सॅव्हेजने रिंगची बेल वापरून स्टीमबोटचा गळा चिरडला होता, ते न बघता ही मॅच बघू नका. पंधरा मिनिटांच्या आतली मॅच आहे आणि त्यात एक सेकंद वाया जात नाही. पिन (खांदे तीन मोजेपर्यंत जमिनीला टेकवून ठेवणं) होता होता वाचणं तर इतक्या वेळा की मैत्रीण प्रत्येक वेळी "संपली!" म्हणून ओरडत होती. शेवटी रेफरी पडलेला, सॅव्हेज तीच बेल घेऊन वर चढतो, स्टीमबोटच्या बाजूने आलेला जॉर्ज स्टील त्याला ढकलून देतो, सॅव्हेज धडपडत उठतो, पुन्हा स्टीमबोटवर जातो आणि स्टीमबोट त्याला स्मॉल पॅकेजमध्ये, म्हणजे हातपाय धरून गाठोड्यासारखा गुंडाळून पिन करतो, एक दोन तीन. ज्या बेलने गोष्ट सुरू झाली तिनेच संपली, याहून चांगलं लिहिणार कोण?

आणि लिहिलेलंच होतं ते. त्या काळी बहुतेक रेसलर सुरुवात आणि शेवट ठरवून मधलं सगळं रिंगमध्ये एकमेकांच्या कानात सांगत सांगत करायचे. सॅव्हेजला ते चालायचं नाही. त्याने ही मॅच मूव्ह मूव्ह क्रमाने लिहून काढायला लावली आणि दोघांनी ती अख्खी पाठ केली, एकमेकांची परीक्षा घेत. आता स्टॅलोनचे कागद आठवा. दोन्हीकडे प्रत्येक फटका आधी कागदावर आहे. फरक एवढाच की स्टॅलोन आणि वेदर्सकडे कॅमेरा होता, रिटेक होते, एडिटर होते, आणि सॅव्हेज-स्टीमबोटकडे एकच संधी, हजारो लोकांसमोर, एका दमात. हा सगळा खटाटोप मी कशासाठी केला असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच आहे. आधीपासून ठरलेलं म्हणून रेसलिंगला कमी लेखणाऱ्याने रॉकी १ आणि ही मॅच पाठोपाठ बघावी, ठरवून केलेलं इतकं अचूक करायला काय लागतं ते डोळ्यांनी दिसतं.

मेन इव्हेंट त्याच्या बरोबर उलटा. आंद्रेची पाठ तेव्हा इतकी खराब होती की तो जेमतेम हलू शकत होता. तरीही गोष्ट कशी सांगितलीये बघा, होगन अगदी सुरुवातीलाच त्याला उचलायला जातो आणि त्याच्याखाली कोसळतो, जवळजवळ तिथेच हरतो, आणि मग बाकीची सगळी मॅच एकाच प्रश्नावर चालते, हा माणूस उचलला जाणार का. मधली बेअर हग (आंद्रेने होगनला घातलेली करकचून मिठी) लांबलचक आहे, तिथे पुढे ढकलू नका, ती सहन केली तरच शेवटचा बॉडी स्लॅम आणि लेग ड्रॉप भिडतो. आंद्रेने दुखत्या पाठीनिशी स्वतःला उचलू दिलं, होगनला मोठं केलं. हे कळून बघताना मला होगनपेक्षा आंद्रेचाच जास्त अभिमान वाटला.

पुढचा टप्पा ठरलाय. १९८९ ची रिक फ्लेअर विरुद्ध स्टीमबोट मालिका, २० फेब्रुवारी, २ एप्रिल आणि ७ मे, तिन्ही मॅचेस, नंतर रॉकी ५. पण यात एक गंमत सापडलीये. २ एप्रिल १९८९ ला एकीकडे क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स ६ मध्ये स्टीमबोट एनडब्ल्यूए (डब्ल्यूडब्ल्यूएफची प्रतिस्पर्धी संघटना) चॅम्पियन म्हणून फ्लेअरसमोर तीनपैकी दोन फॉल्सची जवळजवळ तासाभराची मॅच लढत होता, आणि त्याच दिवशी रेसलमेनिया ५ च्या मेन इव्हेंटला सॅव्हेज डब्ल्यूडब्ल्यूएफ चॅम्पियन म्हणून होगनसमोर होता. सिल्व्हरडोमला भिडलेले दोघं, दोन वर्षांनी, एकाच दिवशी, दोन वेगळ्या कंपन्यांचे चॅम्पियन. हे दोन्ही शो एकाच बैठकीत बघायचं नक्की केलंय, वाद एवढाच चाललाय की आधी कुठला. बॉक्सिंगवाला म्हणतोय आधी सॅव्हेज, कारण फ्लेअर-स्टीमबोटनंतर दुसरं काही बघवणार नाही, मी पण त्याच मताचा आहे, आणि मैत्रीण म्हणतीये आधी स्टीमबोट, कारण तिला आता तासभर थांबवत नाहीये.