डेव्हलपर कुठला घ्यावा? माझं कसं ठरलं ते सांगतो

ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल घरी धुवायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते डेव्हलपरने, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाने. चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरचं काय, कुठलाही चांगला घेतला तरी चालतं, पण डेव्हलपर बदलला की ग्रेन (चित्रात दिसणारे दाणे), शार्पनेस, शॅडोमधलं (गडद भागांतलं) डिटेल सगळंच थोडं थोडं बदलतं, आणि ज्याला विचारावं तो आपलाच बेस्ट म्हणतो.

मी फिल्म एकच ठेवली, इलफर्डची एचपी५ प्लस, तिच्या ४०० या स्पीडलाच (प्रकाशाला असलेल्या संवेदनशीलतेच्या आकड्यालाच) एक्सपोज केलेली. हे फार गरजेचं आहे, फिल्म आणि डेव्हलपर दोन्ही एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळत नाही.

पहिला घेतला रॉडिनल. १८९१ पासूनचा फॉर्म्युला, आणि कॉन्सन्ट्रेट बाटलीत वर्षानुवर्षं टिकतं, महिन्यातून एखादाच रोल धुणाऱ्याला ही केवढी सोय! १:५० ला (एक भाग डेव्हलपर, पन्नास भाग पाणी) २० डिग्रीवर ११ मिनिटं. निगेटिव्ह एकदम कडक शार्प आले पण ग्रेनही तसाच ठसठशीत, भिंतींवर, झाडांच्या सालींवर मस्त दिसतो, पण चेहऱ्यांवर आणि मोकळ्या आकाशात मला नको होता.

मग आयडी-११, म्हणजे जवळपास कोडॅकचा डी-७६च, तो १९२७ चा. यात सोडियम सल्फाइट भरपूर असतं, लिटरला १०० ग्रॅम, ते चांदीच्या कणांच्या कडा किंचित विरघळवतं म्हणून ग्रेन मऊ दिसतो. स्टॉकमध्ये (पुढे पाणी न मिसळलेल्या मूळ द्रावणात) साडेसात मिनिटं, १+१ ला (त्यात तेवढंच पाणी मिसळून) १३. मला १+१ जास्त आवडला कारण सल्फाइट निम्म्यावर आलं की कडा परत थोड्या धारदार होतात आणि ग्रेनही फार डोक्यात जात नाही, शिवाय एकदा वापरून टाकून द्यायचा, म्हणजे प्रत्येक रोलला ताजा डेव्हलपर आणि रिझल्ट तोच. वेळ मोठा असल्याचाही फायदा आहे, गरम दिवसांत पाणी २४ डिग्रीला गेलं की वेळ बराच कमी करावा लागतो, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की डेव्हलपिंग असमान व्हायची भीती असते, १३ वरून कमी केलं तरी हाताशी पुरेशी मिनिटं उरतात.

अडचण एकच, पावडर कालवून केलेला स्टॉक भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत सहा महिने टिकतो पण अर्ध्या बाटलीत जेमतेम महिना. म्हणून मी एक लिटर कालवला की लगेच छोट्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवतो, वर तारीख लिहितो. ज्यांना हे नको असेल त्यांनी सरळ एचसी-११० बघावा, लिक्विड आहे, भरपूर टिकतो, पाणी मिसळायचं त्याचं एक प्रमाण, डायल्यूशन बी, म्हणजे १:३१.

मायक्रोफेन आणि परसेप्टॉल या डेव्हलपरांचाही विचार केला होता. मायक्रोफेन स्पीड वाढवून देतो, फिल्म पुश करायची (म्हणजे जास्त स्पीडची समजून वापरायची आणि जास्त वेळ धुवायची) असेल तर तोच घ्या, परसेप्टॉल ग्रेन बारीक करतो पण त्यात स्पीड जातो, मला ४०० पूर्ण हवा होता म्हणून तो बादच.

आणि ठरवताना निगेटिव्ह नुसता उजेडाला धरून बघू नका, प्रिंट काढा. भिंगातून जो ग्रेन मला खटकत होता तो ८ बाय १० च्या प्रिंटवर हातभर अंतरावरून जाणवतच नव्हता, मला खरा फरक दिसला तो शॅडोत, आणि तिथे आयडी-११ सरळ पुढे होता. आता रोजचं सगळं त्यातच, रॉडिनल १०० किंवा त्याहून स्लो फिल्मसाठी ठेवलाय, तिथे मुळात ग्रेनच कमी असतो त्यामुळे त्याचा शार्पनेस तेवढा मिळतो.